जानेवारीतला रुमाल

बोळा एका बाजूनं करडा झाला होता आणि दुसऱ्या बाजूनं अजून पांढरा... स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उलटं ठेवलेलं, त्यात तो वाळून कडक होऊन बसला होता. चंद्रकलेनं त्याला हात लावला नाही. वाकून नुसतं पाहिलं. करडी बाजू म्हणजे ज्या बाजूनं पुसलं ती — म्हणजे काल पुसलं गेलं होतं, चांगलं दाबून, घासून पुसलं गेलं होतं, पण केव्हा? दुपारी दोनला, ती खुर्चीवरून उठल्यावर आणि सिंधूताई बसायच्या आधी? की रात्री आठला, सिंधूताई घरी निघताना? एवढ्याशा कापसाला ते सांगता येत नव्हतं, आणि दुसरं कुणी सांगणारं नव्हतं.

वाडीतल्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत टेलिफोनचा बोर्ड एक होता, खुर्ची एक होती आणि डोक्यावर चढवायचा हेडफोनही एकच. सकाळी आठ ते दोन चंद्रकला, दोन ते आठ सिंधूताई. कानावर काळी वाटी आणि तोंडापुढे शिंगासारखं वळलेलं नळकांडं. बोलताना ओठ त्याला लागत नाहीत असं म्हणायचं, पण लागतात. रायपूर नाहीतर अमरावती दूर कुठेतरी खरखरत असली की माणूस आपोआप त्यात तोंड खुपसून ओरडतो, आणि सहा तासांत त्या नळकांड्याच्या आत ओल धरते, श्वासाचा वास धरतो. कुणाच्या श्वासाचा ते नीट ओळखता येतं. सकाळी हेडफोन चढवला की पहिली काही मिनिटं चंद्रकलेला सिंधूताईंची सुपारी आणि लवंग जाणवायची. मग ती विरून जायची. दुपारी सिंधूताईंना काय जाणवत असेल?... हा प्रश्न तिला पहिल्यांदा केव्हा पडला ते आठवत नव्हतं, पण आता तो रोज, आठला पाच कमी असताना, खुर्चीच्या आधी येऊन बसलेला असायचा.

तीन आठवडे झाले, सगळ्या शहराचे डोळे आले होते. बर्डीच्या बाजारात हातगाड्यांवर काळे चष्मे विकायला निघाले होते. ज्यांनी जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही ती माणसं गॉगल लावून भाजी घेत होती. गुलाबजलाची बाटली मागून मिळेना. घराघराच्या चौकटीत कडुनिंबाचे डहाळे. रेडिओवर दोन वेळा सांगत, पाहिल्यानं होत नाही, हातानं होतं, टॉवेलानं होतं — बसमधली माणसं ते ऐकूनच घरातून निघत आणि तरीही एकमेकांच्या पायांकडे बघत उभी राहत. आजाराचं नावही रस्त्यानंच आलं होतं. कलकत्त्याकडून येणारे ड्रायव्हर त्याला ‘जय बांगला’ म्हणत. तिकडे लढाई पेटली होती, निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि जे काही वाईट येत होतं ते त्यांच्याच अंगाला चिकटून आलं असं सगळ्यांचं ठरून गेलं होतं. अशा ठरून गेलेल्या गोष्टींपाशी चंद्रकला जरा थांबत असे. कोण आणतं, कोणाचं ठरतं... आज सकाळीच, इमामवाड्याच्या, म्हणजे आपल्या वस्तीच्या, नाक्यावर ती बसमध्ये चढली तशी बाकावरची बाई खिडकीकडे सरकली. जागा देण्यासाठी सरकली? की डोळ्यांच्या भीतीनं? की ती कोणत्या नाक्यावर चढली ते पाहून? चंद्रकला बसली, पण बाकाच्या कडेवर, अर्धीच. आणि बर्डीपर्यंत त्या बाईच्या कोपराचं आणि आपल्या कोपराचं अंतर डोळ्याच्या कोपऱ्यातून मोजत राहिली.

तिनं झाकणातला बोळा कागदानं उचलून टोपलीत टाकला, नवा कापूस भिजवला, वाटी पुसली, नळकांडं पुसलं, आत बोट घालून पुसलं. बाटली गुलाबचंदजींनी आणवलेली. गुलाबचंदजी म्हणजे कंपनीचे मॅनेजर. मारवाडी, सौम्य, मराठी बोलताना दर दोन शब्दांनी हिंदीत घसरणारे. “बैठते वक्त बी पुसायचं, उठते वक्त बी पुसायचं,” त्यांनी दोघींना समोरासमोर उभं करून सांगितलं होतं. तेव्हापासून सगळंच गढूळ झालं. आता दोघीही पुसत होत्या, हुकमानं पुसत होत्या, आणि पुसण्याला स्वतःचा असा काही अर्थ उरला नव्हता. ज्याला जे पुसायचं असेल ते त्याने खुशाल पुसावं — वर आजाराचं नाव आहेच. नाही, आत्ताच्या पुसण्यातून काही कळणार नव्हतं. प्रश्न जानेवारीतला होता.

जानेवारीत आजार नव्हता, बाटली नव्हती. तिला इथे लागून महिना झाला होता. आणि सिंधूताईंच्या हातात एक रुमाल होता — पांढरा, कडेला निळा दोरा भरलेला, हे पक्कं. ती उठली, सिंधूताई बसल्या, त्यांनी डाव्या हातानं हेडफोन उचलला, आणि रुमाल... इथे चित्र फाटतं. कधी तो रुमाल नळकांड्यात शिरून गोल फिरतो, मागे वळून न पाहता, जन्माच्या सवयीनं. कधी तो सिंधूताईंच्या नाकाशी असतो, कारण थंडी कडाक्याची होती आणि त्यांना सर्दी होती. सर्दी होती हेही पक्कं, कारण ट्रंक कॉलवरचा अकोल्याचा माणूस त्यांना ‘कोण, दादा का?’ म्हणाला होता आणि दोघी हसल्या होत्या. मी दारातून वळून पाहिलं होतं. मी नक्की पाहिलं होतं. की आपल्याला काय दिसणार हे मला आधीच ठाऊक होतं, म्हणून वळले... आणि जे दिसणार होतं तेच दिसलं?

बोर्डावरची पहिली पडदी खटकन पडली, म्हणजे कुणाचा तरी फोन आला. तिनं दोरी खोचली. “नमस्कार, बोला.” बोर्डावरचा तिचा आवाज वेगळा होता — शाळेतला, पुस्तकातला, त्यात इमामवाडा नव्हता, त्यात ‘मले’ नव्हतं, ‘काहून’ नव्हतं. हा आवाज तिनं मेहनतीनं कमावला होता. दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला आपण कोण ते कळू नये, हा या नोकरीचा सगळ्यात मोठा सुखाचा भाग होता. तिथे ती नुसता आवाज होती आणि आवाजाला गाव विचारत नाहीत.

दोषही द्यावा तर कसा? सिंधूताई वाईट नव्हत्या. चाळिशीच्या, महाल वस्तीतल्या, विणकरांच्या घरच्या. नवरा गेला तेव्हापासून घर ओढणाऱ्या. चंद्रकला नवी होती तेव्हा आठ दिवस त्या स्वतःच्या पाळीच्या तास तास आधी येऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या, कोणती दोरी कुठे, कोणत्या शेठला ताटकळवायचं नाही, कोण खोटंच ‘अर्जंट’ म्हणतो. सांबारवडी करून आणली होती, स्वतःच्या हातानं तिच्या हातावर ठेवली होती. हातावर. टेबलावर नव्हे — याची नोंद चंद्रकलेच्या मनानं तेव्हाच घेतली होती, कारण तिचं मन असल्या नोंदी तिला न विचारताच घेतं. पण मग वैशाखी पौर्णिमा आली. बुद्धजयंतीची खीर तिनं डब्यातून आणली, आणि सिंधूताई म्हणाल्या, “आज सोमवार हाय वं माहा, उपास.” चंद्रकलेनं हसून डबा मिटला. घरी जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सोमवार होता. खरंच सोमवार होता... आणि तरी सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट आपण कॅलेंडर बघायला धावलो याचीच लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग सिंधूताईंवरच निघाला. मंगळवारी ती खीर उरली असती तर त्यांनी खाल्ली असती का? मंगळवारी खीर उरली नव्हती.

बा म्हणायचा, “पारख करत बसू नोको वं चंद्रे. माणूस वेडं होते.” आणि तोच बा, देवराव, तीस वर्षं गिरणीत राहून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. सुताच्या खात्यात तो, विणायच्या खात्यात कधी नाही. विणायच्या खात्यात पगार जास्त, पण तिकडे आपल्या माणसांना घेत नसत. लहानपणी तिनं विचारलं होतं, काहून? “मागावरच्या धोट्यातून दोरा बाहेर ओढाले तोंड लावा लागते,” बा म्हणाला होता, “ओठ लावून वढायचा. एकाचं झालं का दुसऱ्यानं तोच धोटा घ्यायचा. आपलं तोंड लागलेला कोन घेईल?” हे तो रागानं सांगत नसे. पाऊस का पडतो ते सांगावं तसं सांगे. छप्पन साली, ती नऊ वर्षांची असताना, खांद्यावर बसवून त्यानं तिला दीक्षेच्या त्या पांढऱ्या कपड्यांच्या समुद्रात नेलं आणि घरी आल्यावर देव्हाऱ्यातली चिंधी न् चिंधी बाहेर काढली. म्हणाला, आता संपलं ते. आईनं मान डोलावली. चंद्रकलेनंही. मग चौदा वर्षांनी तिच्या हातात हे नळकांडं आलं — आणि ते पहिल्या दिवशी तोंडापाशी धरताना तिच्या मनात आधी आला तो धोटा.

दहाच्या सुमाराला फाटकाशी आवाज चढले. खिडकी बोर्डाच्या डाव्या हाताला होती. तिथून फाटक, हापशापलीकडचा नळ आणि उभे ट्रक दिसत. चौकीदार धोंडबा एका ड्रायव्हरला आत येऊ देत नव्हता.

“आँख दिखा पहले,” धोंडबा म्हणत होता. “उधरूनच दिखा.”

“अरे भाई, रात भर धूल में गाड़ी चलाई है, इसलिए लाल हैं!”

“सब यहीच बोलते. उधरच ठैर.”

धोंडबानं एक बांबूची काठी टोकाशी चिरली होती. त्या चिरीत त्यानं मालाच्या बिल्टीचा कागद अडकवला आणि काठी लांब करून ड्रायव्हरपुढे धरली. ड्रायव्हरनं कागद काढला, सही केली, पुन्हा चिरीत अडकवला. काठी मागे आली. कुणी हसलं नाही. धोंडबाच्या तोंडावर नुसती कामातली काळजी होती, आणि ड्रायव्हर पंचविशीचा, मळकट, लाल डोळ्यांचा, कपाळाला हात लावून आभाळाकडे बघत होता. चंद्रकलेला बाची गोष्ट आठवली. बाच्या लहानपणी दुकानदार वरून टाकायचा तो गूळ, ओंजळ खाली धरायची... तेवढ्यात ड्रायव्हरनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं. आणि तिनं झटकन डोळे खाली घेतले. झटकन. पडदी पडलेली नव्हती, बोर्ड गप्प होता, तरी ती दोऱ्या सारख्या करत बसली. पाहिल्यानं होत नाही हे तिला ठाऊक होतं.

अकराला गुलाबचंदजी पाणी प्यायला आले. माठाजवळच्या फळीवर सात गिलास ओळीनं होते, प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव. हाही त्यांचाच हुकूम. स्वतःचा गिलास भरता भरता ते म्हणाले, “देखो, बाकी सबको बोलना पडा. चंद्रकलाबाईंनी मात्र पहिल्या दिवसापासून आपला गिलास अलग ठेवला. समजदारी इसको कहते हैं.”

“हो,” चंद्रकला म्हणाली.

ते खूश होऊन गेले. ती त्या सात गिलासांकडे बघत राहिली. पहिल्या दिवशी तिनं पितळी गिलास पिशवीतून काढून फळीवर ठेवला होता, म्हणजे मग माठावरच्या त्या एका सामायिक गिलासाचं काय करायचं हे कुणाला ठरवावंच लागू नये. कुणी म्हणालं नव्हतं, कशाला वेगळा? हाच घ्या. आठ महिन्यांत एकही माणूस म्हणाला नव्हता. आणि आता सगळेच तिच्यासारखे झाले होते, प्रत्येकजण आपापल्या नावाच्या चिकटपट्टीमागे एकटा. तिला आत कुठेतरी एक बारीक, दुष्ट गुदगुली झाली. घ्या. कसं वाटतं ते बघा. पण त्यांना काही वाटतच नव्हतं. त्यांना ठाऊक होतं की हे पंधरा दिवसांचं आहे.

मग तिचा उजवा डोळा खाजू लागला.

आधी तिनं लक्ष दिलं नाही. मग लक्षाशिवाय दुसरं काही उरलं नाही. वाडीची धूळ असेल. झोप कमी असेल. तिनं पर्समधला आरसा काढून पापणी ओढली. पांढरा होता, कोपऱ्यात एक लाल शीर होती, पण ती नेहमीच असते... असते का? आपल्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे याआधी कधी पाहिलं होतं? धोंडबाची काठी आठवली. ‘इमामवाड्यातून आणलं’ — हे वाक्य कुणी बोललं नव्हतं तरी तिनं ते चार वेगवेगळ्या तोंडांतून ऐकून घेतलं, गुलाबचंदजींच्या, धोंडबाच्या, बसमधल्या बाईच्या आणि शेवटी सिंधूताईंच्या. सिंधूताईंच्या तोंडून ते दयेनं आलं आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून ती हात मांडीखाली दाबून बसली. एकच्या सुमाराला खाज आपोआप थांबली, आणि ती थांबल्याचं तिला बऱ्याच वेळानं कळलं.

सिंधूताई दोनला आल्या नाहीत. दोन वाजून सात मिनिटांनी आल्या. जिन्यावर पाऊल चाचपत पडत होतं. दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या लहानशा चेहऱ्यावर एक भला मोठा, पुरुषी काळा चष्मा होता.

चंद्रकला नुसती बघत राहिली.

“काहून वं, असी काहून पाहून राहिली?” सिंधूताई दार लोटून घेत हळूच म्हणाल्या. “गिरिधरचा हाय, माह्या भावाचा.”

“डोळे आले?”

“हळू बोल ना बापा. रातच्याला चिकटले, सकाळी उघडेचना. गुलाबजल घातलं, काय काय घातलं. धोंडबाले म्हटलं, ऊन सहन होत नाही मले. त्यानं सोडलं.” त्या भिंतीला टेकल्या. चष्म्याखालून पाणी ओघळत होतं, ते त्या पदरानं आणि मग हातानंच पुसत होत्या.

“मग आलात कशाला, सिंधूताई? आठ दिवस घरी—”

“आठ दिवस!” त्या म्हणाल्या. “साहेबाची भाची टायपिंग शिकून बसून हाय, तुले ठावं नाही काय? एकडाव ती या खुर्चीवर बसली का मी उठलीच समज. मंग घरी काय करू, कोनाच्या तोंडाकडे पाहू?” आणि मग, अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात, “तू नोको सांगजो चंद्रा. तुह्या पाया पडते मी.”

हे शब्द त्या खोलीत पडले आणि पडूनच राहिले. चंद्रकलेला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. दया, नाहीतर विजय. काहीच वाटलं नाही. फक्त इतके महिने दाताखाली धरलेला प्रश्न एकदम सैल झाल्यासारखा वर आला.

“हेडफोनची काळजी करू नोको,” सिंधूताई घाईनं म्हणत होत्या. “मी जाताना पुसून ठेवते. रोजच ठेवते, तुह्यासाठी. आज दोनदा पुसीन.”

“आणि बसताना?”

“बसताना बी. साहेबानं सांगतलं ना.”

“साहेबांनी सांगायच्या आधी?” तिचा आवाज बोर्डावरचा झाला होता, स्वच्छ, गाव नसलेला. “जानेवारीत. मी उठले की तुम्ही रुमालानं पुसत होता. निळ्या काठाच्या. होता ना?”

सिंधूताईंचा हात पदरावर थांबला. इतके दिवस चंद्रकलेनं हा क्षण किती परींनी मनात मांडला होता; प्रत्येक वेळी त्यात सिंधूताईंचे डोळे होते. ते डोळे काय करतील ते पाहून तिला सगळं कळणार होतं, शब्द काहीही असोत. आणि आता तिथे दोन काळ्या काचा होत्या, त्यांत खिडकी होती, खिडकीत ट्रक होता.

“हो,” सिंधूताई म्हणाल्या. “पुसत होती.”

बाहेर कुणीतरी टायरवर हातोडा घालत होतं.

“आमच्या घरी मागावर तिघं जनं बसत,” त्या म्हणाल्या. “बा, काका, माहा मोठा भाऊ. धोटा एकच तिघाच्या तोंडी. बाले खोकला झाला. मंग काकाले झाला. मंग माह्या भावाले, अठरा वर्साचा होता वं तो. तिघंबी रक्त थुंकून गेले. तवापासून मायनं आमाले सांगतलं, दुसऱ्याचं तोंड लागलेलं पुसल्याबिगर तोंडाले लावाचं नाही.”

धोटा. चंद्रकलेनं खुर्चीची कड धरली. हा शब्द यांनी कुठून आणला? हा शब्द माझ्या घरातला आहे.

“कुणाचंही?” तिनं विचारलं.

“कोनाचंबी.”

“माझ्या आधी इथे कोण होतं दुसऱ्या पाळीला?”

सिंधूताईंनी विचार केला. किंवा केल्यासारखं थांबल्या. “कोनीच नाही. मी एकटीच होती दिवसभर. तूच पयली.”

म्हणजे पारख करायला काही नव्हतं. माझ्या आधी कुणी बसलं असतं — दुसरी कुणी, कुणाचीही — तर... पण कुणी बसलं नव्हतं. तीन माणसं रक्त थुंकून गेली ते खरं असणार. असलं कोण खोटं बोलेल? आणि ते खरं असूनही दुसरं खोटं ठरत नव्हतं. दोन्ही एकाच रुमालात मावत होतं. कदाचित सिंधूताईंनाही वेगळं करून दाखवता आलं नसतं. कदाचित त्यांनी कधी वेगळं करून पाहिलंच नव्हतं, पाहायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. गरज फक्त माझ्यावरच सोपवलेली, हे जन्मभराचं बारीक निवडणं...

गुलाबचंदजींच्या लाइनची पडदी पडली. हेडफोन अजून चंद्रकलेच्या डोक्यावर होता.

“सिंधूबाई आल्या का?”

“आल्या.”

“तबियत बराबर? आँखें?”

सिंधूताईंनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. हात ओला होता, गरम होता. त्या बोलल्या नाहीत, नुसता दाब दिला. चंद्रकलेनं काळ्या काचांत पाहिलं, आणि एक क्षण — लहानसा नव्हे, पुरेसा लांब क्षण — तिनं उत्तर दिलं नाही. दिलं नाही कारण ते न देणं तिला आवडत होतं.

“ठीक आहेत,” ती म्हणाली.

तिनं हेडफोन काढला, खुर्ची सोडली. स्पिरिटची बाटली तिथेच होती, कापूस होता. सिंधूताई खुर्चीत बसल्या. त्यांनी हेडफोन हातात घेतला, जरासा थांबवला, आणि न पुसता तसाच डोक्यावर चढवला. नळकांडं ओढून ओठांपाशी आणलं. “बोला,” त्या कुणाला तरी म्हणाल्या. चंद्रकला दारात उभी राहून पाहत होती. घाईत विसरल्या? आजारी माणसाला आता कशाची भीती, म्हणून? की मला दिसावं म्हणून — मुद्दाम, मोबदला म्हणून? आणि तसं असेल तर ते प्रेम का हिशेब? तिला एकदम दमल्यासारखं झालं. ती जिना उतरली.

फाटकाजवळच्या नळाला ड्रायव्हर हात धुतात तिथे दगडावर कपड्याच्या साबणाची वडी होती. तिनं मनगट धुतलं. ते रास्तच होतं. हातानं होतं, रेडिओवर रोज सांगतात. मग पुन्हा साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, कोपरापर्यंत. मग पुन्हा. पाणी गार होतं, साबणाचा वास उग्र होता, आणि तिसऱ्यांदा घासताना तिच्या मनात एक वाक्य आलं, पुरतं, नीटस, जणू बोर्डावरून ऐकू आलेलं: या लोकांचं असंच असतं. आपलं झाकून ठेवतात आणि दुसऱ्याला चिकटवतात. ती थांबली. कोणत्या लोकांचं? वाक्याला ठाऊक होतं. वाक्य कित्येक पिढ्या वापरून गुळगुळीत झाल्यासारखं तिच्या तोंडात बरोबर बसलं होतं. फक्त आजवर ते दुसऱ्या बाजूनं यायचं. हात केव्हाचा स्वच्छ झाला होता. घासायचं तिला थांबवावंसं वाटत नव्हतं. त्यात एक गोडी होती, खाजेवर नख फिरवल्यासारखी...

नाही. त्यांचं आणि माझं एक नव्हे. त्यांच्या मागे सगळं गाव उभं असतं, माझ्या मागे कोण आहे? हा नळ. हे तिनं स्वतःला बजावून सांगितलं, आणि ते खरंच होतं. तरीही साबणाची वडी तिच्या हातात होती.

तिनं नळ बंद केला आणि वर पाहिलं. खिडकीत सिंधूताई होत्या. चष्मा तिच्याच दिशेला होता. किती वेळ? काचांमागचे डोळे मिटलेले होते की उघडे, तिच्या हातांवर होते की ट्रकवर, इथून कळायला मार्ग नव्हता. चंद्रकलेनं पाणी निथळण्यासाठी हात झटकला. वर खिडकीत सिंधूताईंचा हात उठला — निरोप देण्यासाठी, किंवा चष्मा सावरण्यासाठी — आणि खाली गेला.

बर्डीची बस आली. चंद्रकला चढली, बाकाच्या कडेवर बसली. शेजारच्या माणसानं अंग चोरलं की नाही ते तिनं पाहिलं नाही. ती आपला ओला हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होती. तसाच, जसे ती इतके महिने दुसऱ्यांचे हात बघत आली होती, काय करतो आहे आणि कशासाठी... आणि कुणी आत्ता येऊन विचारलं असतं, हा हात असा घासायला कधीपासून लागला, तर तिला सांगता आलं नसतं.